चांगदेव पेंटरच्या पऱ्या

"ही पडेल," रीना म्हणाली.

चांगदेवच्या हातातला ब्रश तसाच राहिला. मंचरच्या पीयूषशेठची ही बायको कळंबला त्याच्या पत्र्याच्या खोलीत पहिल्यांदाच आली होती. पीयूष चित्रं न्यायला आला होता आणि आल्या आल्या मोबाइल वाजला म्हणून बाहेर गाडीपाशी फेऱ्या मारत होता. आत भिंतीला टेकवून पाच चित्रं ठेवलेली. पाचही चित्रांत फुगीर पांढऱ्या झग्यातल्या गोऱ्या, सडपातळ मुली, गुलाबी बुटांच्या टोकावर उभ्या.

"कोण पडंल, वहिनी?"

"ही मधली. हिचा घोटा बाहेर गेलाय बघा. वजन बोटांच्या टोकावर सरळ उतरायला हवं. असा पाय ठेवला तर ती क्षणभरही उभी राहणार नाही." तिने आणखी वाकून पाहिलं. "आणि रिबिनीची गाठ अशी बाहेर दिसत नाही. आत खोचतात."

बारा वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चांगदेव भालेराव पुण्याहून चित्रकलेची पदविका घेऊन आला, तेव्हा कुठल्याच शाळेत जागा नव्हती. मग त्याने पेठपासून नारायणगावपर्यंत रस्त्याकडेच्या पाट्या रंगवल्या. रसवंतीगृहं, टायरवाले, खतांची दुकानं, निवडणुकीच्या भिंती. चौऱ्याण्णव साली पीयूषच्या वडिलांनी, सुवालालशेठनी, एका परदेशी कॅलेंडरचं पान त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, हे मोठं करून दे. ते चित्र पुण्यातल्या एका हॉटेलात लागलं. मालकाने तसंच दुसरं मागितलं, त्याच्या मेव्हण्याने तिसरं. मंचरला त्यांचं फ्रेमचं दुकान होतं, ते पीयूषने वाढवलं ते या मुलींवरच. पुढे फ्लेक्स आले आणि पाट्या संपल्या. मुली तेवढ्या राहिल्या. गावात सगळे त्यांना पऱ्या म्हणत आणि चांगदेवला पऱ्यांचा पेंटर.

मध्ये त्याने दुसरं काही काढलं नाही असं नाही. घोडनदीवरचे धुणं धुणारे काढले, कांदा निवडणाऱ्या बाया काढल्या. पीयूष ती बघायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "हात लई भारी आहे, भाऊ. पण हे लोक रोजच बघतात. भिंतीवर कशाला लावतील? तुम्ही आपल्या पऱ्या काढा." त्याच्या बोलण्यात वाकडं काही नसायचं, म्हणून चांगदेवला भांडताही यायचं नाही. ज्या नाचाची त्याने शेकड्यांनी चित्रं काढली, तो नाच त्याने आयुष्यात एकदाही पाहिला नव्हता.

"तुमाला कसं ठाऊक?" त्याने विचारलं.

रीनाने दाराकडे पाहिलं. पीयूषची पाठ त्यांच्याकडे होती. तिने उजव्या पायातली चप्पल काढली.

"मुंबईला होते तेव्हा हाच नाच, बॅले, शिकत होते. आठ वर्षं. एकोणिसाव्या वर्षी लग्न ठरलं."

गोरा, नाजूक घोटा. आणि त्याखाली ते पाऊल जणू दुसऱ्याच बाईचं. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं, बोटं एकमेकांवर चढलेली, एक नख जाड आणि पिवळं होऊन वाकडं वाढलेलं.

"बूट काढल्यावर असं असतं, काका. लोक टाळ्या वाजवत असायचे आणि बुटात रक्त साचलेलं असायचं." ती हसली. "तरी सोडवत नव्हतं."

चहा घेऊन आलेली अंबाबाई दारातच थांबली. चांगदेवची बायको ती; तिचं उभं आयुष्य लोकांच्या वावरात खुरपण्यात गेलं होतं.

"अगं बया," ती म्हणाली. "आमी म्हनायचो शेठानीचं पाय लोन्यावानी आसतील. ह्ये तर माज्यासारखंच की." तिने कपबशा खाली ठेवल्या आणि आपलं पाऊल रीनाच्या पावलाशेजारी नेलं. दोघी थोडा वेळ बघत राहिल्या.

"झालं का?" बाहेरून पीयूषची हाक आली. रीनाने चप्पल घातली.

ते गेल्यावर चांगदेवला काही सुचेना. कॅलेंडरचं जुनं पान त्याने खाली काढलं, पुन्हा लावलं. चार दिवस ब्रश हातात घेतला नाही. पाचव्या दिवशी दुपारी अंबाबाई रानातून आली तसा तो म्हणाला, "जरा हितं बस. पाय समोर घे."

"कशापायी?"

"काढायचेत."

"माजं? येडं का खुळं तुमी. भेगांत माती हाय, धुऊन तर येऊ द्या."

"धू नगंस."

ती पेटीवर बसली. पहिल्या दिवशी तिला सारखं हसू येत होतं. दुसऱ्या दिवशी ती बसल्या बसल्या बोलायला लागली. कुठल्या उन्हाळ्यात खुरपं लागून नख गेलं, लेकीच्या, आरोहीच्या वेळी पाय कसे सुजले होते, पारगावच्या उसात काय रुतलं होतं. लग्नाला वीस वर्षं झाली, पण यातलं बरंचसं चांगदेव पहिल्यांदा ऐकत होता. रोज दुपारी, आठ दिवस.

चित्रात एक मुलगी नाच संपवून बाकावर बसली होती. झगा तोच, पांढरा. बूट शेजारी काढून ठेवलेले, मान खाली. आणि अगदी पुढे, उजेडात, दोन उघडी पावलं. चांगदेव ते चित्र वाळेपर्यंत दिवसातून दहा वेळा खोलीत जाऊन बघायचा. आपण चित्रकार आहोत असं त्याला पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदाच वाटत होतं.

महिन्याने पीयूष आला, बरोबर रीनाही. पीयूष चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला.

"चेहरा एक नंबर. पण हे काय, भाऊ?"

"पाय."

"ते दिसतंय. हॉटेलात माणूस जेवायला बसतो. त्याला हे दाखवायचं?"

"खरे हायेत, शेठ. बूट काढल्यावर आसंच आसतंय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

चांगदेवची नजर रीनाकडे गेली. ती खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्या हातातली पर्स तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. एक शब्द बोलली असती तर चित्र वाचलं असतं, असं त्याला वाटलं. आणि त्याच क्षणी, ती बोलली असती तर परक्यापुढे पाय उघडा केला म्हणून घरी गेल्यावर तिला काय काय ऐकावं लागलं असतं, तेही कळलं.

"पुस्तकात वाचलं," तो म्हणाला.

"पुस्तकातलं पुस्तकात राहू दे. बूट घाला तिला, बाकी झकास आहे."

"न्हाई घातले तर?"

पीयूष जवळ आला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तर ठेवा तुमच्याकडं. पण नाशिकच्या हॉटेलला सहा पाहिजेत, पऱ्याच पाहिजेत. आता मशीनवर छापूनपण मिळतात, भाऊ. मी अजून तुमच्याकडं येतो ते वडिलांच्या शब्दासाठी."

चांगदेवने पांढरा आणि लाल काढून पॅलेटवर कालवायला घेतला. पीयूष सावलीत जाऊन बसला. रीना मात्र हलली नाही. गुलाबी रंग आधी टाचेवर चढला, मग भेगांवर, मग त्या गेलेल्या नखावर. अंगठ्याचं हाड झाकायला त्याला रंगाचे दोन हात द्यावे लागले.

"रिबिनीची गाठ आत, काका," ती इतक्या हळू म्हणाली की त्याला जेमतेम ऐकू आलं.

"व्हय, वहिनी."

ओलं चित्र सांभाळून घेऊन गाडी गेली. पीयूषने आणलेले सहा कोरे कॅनव्हास भिंतीला लावलेले होते. त्यातला एक उचलून चांगदेवने चित्राच्या लाकडी घोडीवर चढवला आणि पेन्सिलीने घोट्याची रेघ ओढली, या वेळी अगदी सरळ.

दुपारच्या वेळेला अंबाबाई रानातून आली. घोडीवर पायाची नवी रेघ दिसली आणि मागच्या आठ दिवसांची सवय आठवली; हातातलं खुरपं कोपऱ्यात ठेवून ती पेटीवर टेकली आणि तिने पाय समोर लांबवले.

"न्हाई," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "आता लागत न्हाईत."

अंबाबाईने साडीचा काठ ओढून पाय आत घेतले आणि ती तिथेच बसून राहिली.