देवीचा उजवा

"डावा हाय," आण्णांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला. "देवी न्हाय म्हणत्या."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "नीट बघितलासा न्हवं?"

बघितलं होतं. शिक्का तपासताना धरतात तसा मोबाईल डोळ्यांजवळ धरून, दोनदा. शाहूपुरीत आण्णांचं रबरी शिक्क्यांचं दुकान आहे, दिवसभर उलटी अक्षरं वाचायचं काम. आई त्यांना चिडवायची, "ह्यांना सरळ लिव्हल्यालं वाचायलाच येळ लागतोय."

आईच्या आतड्यात गाठ सापडली होती. डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं. गाठ अजून पसरलेली नाही, आत्ता काढली तर बरी होण्याची आशा चांगली आहे. मात्र पोटावर वाट करून तिथं शौचाची पिशवी लावावी लागेल, कायमची. पिशवीचं ऐकल्यापासून आण्णा गप्प होते. घरी आल्यावर म्हणाले, "मरगुबाईला कौल लावू."

मी एमएस्सी झालेली, प्रयोगशाळेत दिवसभर लोकांचं रक्त तपासणारी. मी कडकडून भांडले. आईनंच मला थांबवलं.

"असूदे गं. देवी व्हयच म्हणंल. मी करून घेतो की ऑपरेशन. तुझं लगीन बघायचं हाय मला."

गावच्या देवळात गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवतो. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. उजवं म्हणजे देवीचं उजवं. समोर उभं राहणाऱ्याला ते आपल्या डाव्या हाताला दिसतं. पण भावकीत मयत झाली होती. आम्हाला सुतक, देवळाची पायरी चढता येत नव्हती. म्हणून आईच्या माहेरचा, मामाचा यशराज गेला. तो पुण्यात वाढलेला. देवीकडं पाठ करून, स्वतःचं तोंडही येईल असा त्यानं व्हिडिओ काढला. "ओ पावणं, पाठ करू नगासा देवीकडं!" असं गुरव ओरडलेलं ऐकू येतं, पुढचं सगळं घंटेत बुडून जातं. खाली यशराजनं लिहिलं होतं, 'फूल पडलंय. बाजूचं मला कळत नाही, आण्णांना दाखव.'

ऑपरेशन झालं नाही. आण्णा कुठून तरी काढ्याच्या बाटल्या आणू लागले. आईनं मंगळवार धरले. अन्न पोटात ठरेना, तरी उपास सोडले नाहीत. देवीच्या तसबिरीपुढं बसून ती शेजारणीशी बोलावं तशी मोठ्यानं बोलायची.

"माझं काय चुकलं त्ये तरी सांग की. ओटीत काय कमी पडलं? कुणाला वंगाळ बोललो का मी? व्हय म्हणायला तुझं काय जात हुतं गं?"

आण्णा शेजारी पेपर धरून बसलेले असायचे. पान उलटल्याचा आवाज यायचा नाही.

दिवाळीच्या आधी ती गेली.

भिंतीवर लावायला तिचा बरा फोटो शोधत होते, तेव्हा तो व्हिडिओ पुन्हा हाताला लागला. आण्णा सोडून घरात कुणीच तो नीट पाहिला नव्हता. मी तर रागानं पाहिलाच नव्हता. यशराजच्या शर्टाचा खिसा डाव्याऐवजी उजव्या छातीवर दिसत होता. मी व्हिडिओ थांबवला. देवीच्या डोक्यावरच्या पाटीवरची अक्षरं उलटी होती. सेल्फीच्या कॅमेऱ्यानं सगळं आरशासारखं फिरवलं होतं. म्हणजे फूल देवीच्या उजव्या खांद्यावरून पडलं होतं.

देवी हो म्हणाली होती. माझा तिच्यावर विश्वास नाही. तरी मी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

आण्णांना हे कसं सांगायचं, याचा विचार करतच मी दुकानात गेले. ते नव्या शिक्क्याच्या रबराची कड कापत होते.

"आण्णा, आपली फसगत झाली. ही पाटी वाचा."

त्यांनी चष्मासुद्धा न सावरता वाचलं, "श्री मरगुबाई प्रसन्न. सौजन्य, जयहिंद तरुण मंडळ."

कुठं अडखळले नाहीत. अक्षरं उलटी आहेत, असंही म्हणाले नाहीत. मग त्यांचा हात थांबला.

"त्या दिवशीही वाचली होतीत तुम्ही. सगळं उलटं दिसतंय, हे तेव्हाच कळलं होतं तुम्हाला," मी म्हणाले.

आण्णांनी कात्री पुन्हा उचलली. "पोटावर घाणीची पिशवी घिऊन जगायचं व्हय बाईनं? हळदीकुंकवाला कुणी बोलावलं असतं? देवळात कुणी उभं केलं असतं?"

"तिला विचारलंत?"

"तिला काय इचारायचं त्यात."

"ती रोज विचारत होती, माझं काय चुकलं. तुम्ही शेजारी होता."

"व्हय."

"तुझं काही चुकलं नाही, एवढं तरी सांगायचं."

"आणि मग पुढचं काय सांगू?" ते पहिल्यांदाच ओरडले. "सांग की! काय सांगू?"

तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. "आण्णा, झाला का आमचा?"

आण्णांनी शिक्का निळ्या पॅडवर टेकवला, कागदावर दाबला आणि कागद पुढं केला. "बघा पावणं, नाव बरोबर हाय न्हवं?"

"एक नंबर!"

त्या संध्याकाळी आण्णा तसबिरीपुढं बराच वेळ उभे होते, एवढं मला स्वयंपाकघरातून दिसलं.

सकाळी मी फडकं घेऊन देव पुसायला बसले. काचेवर, देवीच्या उजव्या खांद्यापाशी, शाईचा निळा अंगठा उमटला होता. बाकीची काच पुसली. तेवढी जागा सोडून दिली.