न मागता आलेले ऑलिव्ह

तेल्मोच्या पाहुण्यांसाठी एक कागद लिहून द्यायचा, यात देओलिंदाबाईंचा फायदा एकच होता: तळमजल्यावरची खोली त्यांच्याकडे राहणार होती. घर भाच्याच्या, म्हणजे तेल्मोच्या नावावर. वरचे दोन मजले तो शनिवार-रविवार पोर्तो शहर बघायला येणाऱ्यांना भाड्याने देई. खाली मावशी चौतीस वर्षं राहत होती, आणि अलीकडे तेल्मो त्या खोलीकडे मापं घेतल्यासारखा बघायचा.

"मावशी, दोन दिवसांत काय करावं, काय टाळावं, एवढंच लिही. लोक खूश झाले की तुझं राहणं वसूल."

"म्हणजे आत्तापर्यंत बुडीत होते का रे मी?"

"तसं नाही गं..."

तसंच होतं. बाईंनी शाळेत शिकवताना फळ्यावर गिरवलेल्या वळणदार अक्षरात कागद लिहिला. चाकांची बॅग आणू नका, आमच्या पायऱ्या चाकं खातात. नदीकडे चालत उतरा, वर येताना बस घ्या. उलटं करणारे रविवार पलंगावर काढतात. संग्रहालयं सोमवारवर टाकू नका, बंद असतात. दुपारी कोपऱ्यावरच्या अनिबालच्या खाणावळीत जेवा. आणि खाली, ठळक: टेबलावर न मागता येणारे पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात. हात लावलात तर बिलात येतात. नको असतील तर आधीच परत करा.

दोन महिन्यांत तेल्मोचा फोन पाहुण्यांच्या शाबासक्यांनी भरला. पूल, नदी, चर्च यांच्याबद्दल एकेक ओळ, पण पावाच्या सूचनेबद्दल प्रत्येकाचा परिच्छेद. विमानाने दोन दिवसांसाठी येणाऱ्या माणसाला तीन युरो वाचल्याचा केवढा आनंद होतो!

अनिबालला झाला नाही. गुरुवारी बाई जेवायला गेल्या, तर तो कमरेवर हात ठेवून उभाच.

"बाई, गिऱ्हाइकं पाठवता की तपासनीस? बूड टेकायच्या आधी वाटी माझ्या हातात देतात. जसा काही मी खिसाच कापणार होतो!"

"खोटं लिहिलंय का मी?"

"खरं लिहिलंय, तेच तर! लसूण घालून तीन आठवडे मुरवतो मी ते. आईची पद्धत. निदान एक चाखून नाही म्हणा."

"मग फुकट द्या."

"आणि मी काय खाऊ, तुमचं अक्षर?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "तेवढी ओळ काढा, बाई."

घरी येऊन बाईंनी पेन त्या ओळीवर धरलं. सगळी शाबासकी त्या ओळीची, आणि खोली त्या शाबासकीची. पेनाचं टोपण त्यांनी परत लावलं. पुढच्या गुरुवारपासून अनिबालने ऑलिव्हच्या वाट्या मांडणंच सोडलं. टेबलं मात्र गिऱ्हाइकांनी भरलेली असायची.

सप्टेंबरात तेल्मो केक घेऊन आला.

"सगळं तुझ्यामुळे, मावशी! जूनपर्यंत एक शनिवार रिकामा नाही. लोक विचारतात, खाली आणखी खोली आहे का." त्याने छताकडे पाहिलं. "तिकडे गोंदोमार गावात लुसीलामावशी एकटीच असते ना?"

बाईंनी केकचा घास सावकाश संपवला.

"आणि तुझा कागद? ठेवू ना तो?"

"ठेव. खरंच लिहिलंय सगळं."

खोली सोडून गोंदोमारला निघायच्या दिवशी दुपारी त्या अनिबालकडे गेल्या. हातात जुनी, बिनचाकांची बॅग. अनिबालने बॅग पाहिली आणि काही न विचारता पाव आणि ऑलिव्हची वाटी आणून ठेवली. बाईंनी सगळे ऑलिव्ह खाल्ले, बिया काठावर ओळीने लावल्या.

अनिबालने नेहमीसारखा कागदी टेबलक्लॉथवरच हिशेब केला: सूप, मासा, अर्धा ग्लास वाइन. खाली रेघ ओढली. बाईंनी त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली, रेघेवर वळणदार अक्षरात 'पाव, ऑलिव्ह' लिहिलं आणि बेरीज सुधारली.

"बाई, ते कशाला..."

"हात लावला होता मी."

पैसे ठेवून त्यांनी बॅग उचलली.

तेल्मोला खोली मिळाली, पाहुण्यांचे तीन-तीन युरो वाचले, अनिबालची टेबलं भरली. त्या हंगामात त्या कागदाप्रमाणे ऑलिव्हचे पैसे भरले ते एकट्या देओलिंदाबाईंनी.