बडबड करणारे

आमच्या घरी फळ्यावर ज्याचं नाव लिहिलं जातं, तो संध्याकाळी सहापर्यंत कागदाचा होतो. फळा माझा. मी नववी ‘ब’ची मॉनिटर झाले तेव्हा हट्ट करून घेतलेला. आईचं ऑफिस घरात आलं तसा मीच तो हॉलमध्ये टांगला आणि वर ठसठशीत लिहिलं, ‘बडबड करणारे’. वर्गात नाव लिहिलं तरी पोरं दात काढतात. इथे खडू खाली ठेवायच्या आत फरक पडायचा. मला हे भयंकर आवडलं, खोटं कशाला बोलू.

पहिले बाबा. ते रात्रपाळी करून दिवसा घोरतात. नाव लिहिलं आणि घोरणं अर्ध्यावर थांबलं. पलंगावर फुलस्केप बाबा उरले, बनियनसकट. पंख्याने उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर उशी ठेवली. मग धाकटी मैत्रेयी. मग विरजण मागायला आलेल्या देवस्थळीकाकू. सहा वाजता सगळे परत जाड व्हायचे. पाठीत घडी पडली गं, एवढंच काकू म्हणायच्या आणि चहा पिऊन जायच्या.

आईचं काम धडाधड उरकायला लागलं. माझ्या ऑफिसात तुझ्यासारखं एक माणूस नाही, असं ती म्हणाली. दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

शनिवारी जिल्ह्याची वक्तृत्व स्पर्धा होती. शाळेने पहिल्यांदाच मला निवडलेलं. मी भाषणात नेमकी कुठे घाई करते, ते फक्त आईला कळतं. तिने शब्द दिला होता की शुक्रवारी चार वाजता दहा मिनिटं फक्त माझी. त्या दहा मिनिटांसाठी मी आठवडाभर घर असं चिडीचूप ठेवलं की कुकरसुद्धा शिट्टी गिळायचा.

शुक्रवारी बरोबर चारला मी तिच्या दारात उभी राहिले. तिने मागे न बघता एक बोट वर केलं. ते बोट वीस मिनिटं वरच होतं.

“आई, तू म्हणाली होतीस.”

ती उठली. छान हसली. जाताजाता माझ्या गालावरून हात फिरवून हॉलमध्ये गेली. मला वाटलं, ऐकायलाच चालली. मी मागोमाग गेले, सतरंजीच्या मधोमध ताठ उभी राहिले आणि सुरुवात केली, “आदरणीय परीक्षक.”

तिच्या हातात खडू होता. आईचं अक्षर माझ्यापेक्षा सुंदर आहे. ‘इरावती’मधली वेलांटी तर अगदी छापल्यासारखी.

“मी बडबड नाही केली.”

“माहितीये गं,” आई म्हणाली. “सहापर्यंतच.”

पावलांपासून सुरुवात झाली. दुखत नाही. पुढचं वाक्य मी बोलले, पण फक्त सळसळलं. आईने मला दोन्ही हातांनी अलगद उचललं, आत नेलं आणि टेबलावर ठेवलं. कानातल्या हेडफोनमधून कोणीतरी काहीतरी महत्त्वाचं सांगत होतं. हो, हो, सांगा, लिहून घेते, असं म्हणत ती इकडेतिकडे चाचपडली. मग तिने मला पुढे ओढलं, कोपरे तळहाताने सपाट केले आणि माझ्यावर वाकली. इतकं मन लावून तिने माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. तिचा श्वास माझ्या सगळ्या अंगावर येत होता.

तिने पेनाचं टोपण दातांनी काढलं.