अकरा कुत्रे, चव्वेचाळीस वर्षं

कॉर्डेल टिल्मनला टॅलिसा काउंटीच्या कोर्टाने चव्वेचाळीस वर्षांची शिक्षा सुनावली, तेव्हा त्याची मोठी बहीण व्हर्लीन तिसऱ्या बाकावर बसली होती. झुंजीसाठी पाळलेल्या एका कुत्र्यामागे चार वर्षं. कुत्रे अकरा. एक शिक्षा संपली की दुसरी सुरू. कॉर्डेलचं वय त्रेपन्न होतं. टिल्मनांच्या घराण्यात माणसं नव्वदी सहज ओलांडतात, आणि त्या दुपारी व्हर्लीनला पहिल्यांदाच या गोष्टीची भीती वाटली.

कुत्रे चारच धरले असते तर सोळा वर्षं झाली असती. सात कुत्रे तिच्या तोंडून वाढले होते.

पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जेवणं झाली. तळलेला मासा, कोलार्डच्या पानांची भाजी, मक्याचा पाव. सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. व्हर्लीन वाढपाच्या टेबलामागे उभी राहून भाजी वाढत होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची बावीस वर्षं गेली होती. हातात डाव असला की तिला बरं वाटायचं.

"प्रुएटच्या पोरीला ज्याने दारू पिऊन गाडीखाली चिरडलं, त्याला किती दिली? आठ," लुशस म्हणाला. लुशस तिचा चुलतभाऊ, कोंबडीच्या कारखान्यात कामाला. "माणूस मारला की आठ आणि कुत्रा पाळला की चव्वेचाळीस. वा रे न्याय!"

"पाळला म्हणून नव्हे. लढवला म्हणून," चर्चमधले ज्येष्ठ सेवक, डीकन हायरम म्हणाले.

"बरं, लढवला. आम्ही एका पाळीत किती कोंबड्या उलट्या टांगतो ठाऊक आहे? त्या हिशेबाने मला किती वर्षं बसतील, सांगा डीकन."

"तुला तुरुंगात घातलं तर तिथली कोंबडी आठवड्यात संपेल. सरकारला परवडणार नाही."

हॉलमध्ये हशा झाला. व्हर्लीनही किंचित हसली आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली.

"पूर्वी अख्खी काउंटी जायची झुंजीला," डीकन म्हणाले. "माझ्या आजोबांच्या वेळी शेरीफ स्वतः पैजेचे पैसे सांभाळायचा. मग एके दिवशी कायदा बदलला. कायदा बदलला ते चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही. पण ज्याने पैसे सांभाळले त्याचाच नातू आज बेड्या घालायला येतो, ते मला पचत नाही."

"हसा," कोपऱ्यातून आयोला आत्या म्हणाली. तिने ताट बाजूला सारलं होतं. "तुमच्यापैकी कोणी ओढ्यापलीकडे राहत नाही. मी राहते. शनिवारी त्या झुंजीच्या कोठारातून आवाज यायचा. तो कुत्र्यांचा नव्हता. कुत्रे झुंजताना गप्प असतात. ओरडायची ती माणसं. आणि सकाळी एखादं मुकं जनावर ओढ्याकाठी येऊन पडलेलं असायचं. मी दोन पुरलेत माझ्या हातांनी. माझा भाचा आहे तो. त्याला शिक्षा झाली ती बरी झाली."

"बरी झाली, आत्या. पण चव्वेचाळीस?" लुशस म्हणाला.

"ते मला नका विचारू," आत्या एवढंच म्हणाली.

व्हर्लीनच्या साक्षीचा विषय कोणी काढला नाही. सगळेच कोर्टात हजर होते. तिच्यासमोर ताट धरताना जो तो भाजीकडे बघत होता.

घडलं ते असं. कॉर्डेलचा वकील लँग्डेल हा सरकारने नेमून दिलेला, डोक्यावर शंभर खटले असलेला तरुण. त्याचा बचाव साधा होता. कॉर्डेलच्या मागच्या शेतात अकरा कुत्रे साखळीला बांधलेले सापडले, त्यातले चार त्याचे. बाकीचे सात रेफर्ड नावाच्या एका माणसाने आणून बांधले आणि तो राज्य सोडून पळाला. ते सात कॉर्डेलचे होते हे सरकारला सिद्ध करता येत नव्हतं. व्हर्लीनला त्याने फक्त इतकंच सांगितलं होतं, "भावाच्या स्वभावाबद्दल चार शब्द बोला. थोडक्यात." त्या सातांबद्दल तो तिच्याशी काही बोलला नाही. साक्षीदाराला पढवलं असा आरोप त्याला नको होता.

पण व्हर्लीनला थोडक्यात बोलायची सवय नव्हती. त्यांच्या चर्चमध्ये दर बुधवारी कोणीतरी उभं राहून आपली साक्ष देतं, देवाने आपल्याला कशातून तारलं ते सांगतं. तिथे काही राखून ठेवायचं नसतं. नाव टाळलं, प्रसंग गाळला, की मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतंच, "सगळं सांग, सिस्टर. सगळं सांग." लहानपणापासून ती अशीच बोलत आली होती. बायबलवर हात ठेवल्यावर तिला दुसऱ्या रीतीने बोलता येईल असं कोणालाही वाटलं नव्हतं. लँग्डेल अटलांटाचा होता. त्याला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

तिने सांगितलं की कॉर्डेल वाईट माणूस नाही. जनावरांवर त्याचा जीव आहे. थंडीत तो कुत्र्यांसाठी केलेल्या पिंपांच्या घरांत पेंढा भरतो, स्वतः जेवायच्या आधी त्यांना घालतो.

सरकारी वकील मिस कॅलोवे उठल्या. अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "सगळ्यांनाच घालायचा, मिस टिल्मन? रेफर्डच्या कुत्र्यांनासुद्धा?"

"रेफर्डचे कुठले? सगळी कॉर्डेलच्याच हातची पिल्लं. त्याने बाटलीने दूध पाजलंय त्यांना."

"तुम्हाला कसं माहीत?"

"शनिवारी तो बाहेर असला की मीच खायला घालायची."

"मग नावं ठाऊक असतील."

तिला नावं ठाऊक होती. जुबिली, प्रीचर, छोटी रूथ. मेजर, ज्याचा एक कान उरला नव्हता. एकेका नावासरशी तिला वाटत होतं की जज ऐकताहेत, त्यांना कळतंय की हा माणूस जनावरांना नावं देतो, लळा लावतो. ती अकराव्या नावापर्यंत आली तेव्हा लँग्डेल खाली मान घालून टेबलाकडे बघत होता.

"शनिवारी तो कुठे जायचा?" कॅलोवेंनी विचारलं.

"मी विचारलं नाही."

"मेजरचा कान कुठे गेला, हे विचारलंत?"

"नाही," व्हर्लीन म्हणाली. हेही खरंच होतं.

शिक्षेनंतर लँग्डेलने एक वाट दाखवली. वर्षभराच्या आत त्याच जजकडे शिक्षा कमी करण्याचा अर्ज करता येतो. सगळ्या शिक्षा एकत्र भोगू द्या एवढंच मागायचं. तसं झालं तर कॉर्डेल घरी येऊन मरेल. नाहीतर पॅरोल मंडळ कधी काय करेल ते देवालाच ठाऊक. मात्र काहीतरी नवं हवं. कुत्र्यांची निगा चांगली होती, उपासमार नव्हती, असं एखाद्या जाणत्या माणसाने कोर्टात येऊन सांगितलं तर उपयोग होईल.

जाणतं माणूस एकच होतं. काउंटीच्या पशुवैद्य डॉ. हॅटवे. कुत्रे जप्त झाले तेव्हा त्यांनीच तपासले होते आणि कोर्टाच्या हुकमाने त्यांनीच सुई देऊन संपवले होते. अकराच्या अकरा. झुंजीच्या कुत्र्यांना कोणी घरी नेत नाही, आणि काउंटीच्या निवाऱ्यात जागा नव्हती. कॉर्डेल तेव्हा कोठडीत होता. ही गोष्ट त्याला कळवण्याचं काम घरच्यांनी व्हर्लीनवर सोपवलं होतं. तिने ते केलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर ती दवाखान्यात गेली. डॉ. हॅटवे एका म्हाताऱ्या मांजराची नखं कापत होत्या.

"बसा, व्हर्लीन. शाळेत तुमच्या हातचा गोड पीच कॉबलर खाऊन माझा मुलगा वाढला. सांगा."

व्हर्लीनने सांगितलं.

"निगा चांगली होती," डॉक्टर म्हणाल्या. "वजन नीट, दात नीट, जखमा शिवलेल्या. मी कोर्टात तसं सांगेन. चव्वेचाळीस वर्षं हा वेडेपणा आहे, तेही सांगेन. त्याच्या निम्मीसुद्धा वेडेपणाच आहे. पण एक गोष्ट आधी ऐका. झुंजीचा कुत्रा असाच ठेवतात. उपाशी कुत्रा लढत नाही. मला कोणी विचारलं तर तेही सांगावं लागेल."

"विचारलं नाही तर?"

"विचारतील."

व्हर्लीन जागची उठली नाही. "त्याने लढवले, हे मला मान्य आहे. त्याचं पाप त्याने भोगावं. पण त्याच्या दारात ते जिवंत होते, डॉक्टर. तुमच्या टेबलावर मेले. त्याला एकेकाची चार-चार वर्षं लागली. तुम्हाला काय लागलं?"

डॉ. हॅटवेंनी मांजराला पिंजऱ्यात ठेवून दार लावलं. "छोटी रूथ माझा हात चाटत होती," त्या म्हणाल्या. "मला काय लागलं ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही म्हणता शिक्षा कमी करा. करा. पण त्यासाठी कोणीतरी म्हणायला हवं की हे सात धरायचे नाहीत. सुई देताना मी अकरा जणांना धरून ठेवलं होतं. सांगा, कोणते सात सोडू?"

व्हर्लीनने तरीही डॉक्टरांना येऊ नका म्हटलं नाही. दुसरं कोणी नव्हतं.

सुनावणी जानेवारीत झाली. कॉर्डेलला नारिंगी कपड्यांत, कमरेला साखळी लावून आणलं. तो बारीक झाला होता. बहिणीकडे बघून त्याने हनुवटी किंचित उचलली. लहानपणी मार खायच्या आधी तो तसंच करायचा.

डॉ. हॅटवे ठरल्याप्रमाणे बोलल्या. वजन, दात, टाके. शिक्षा फार आहे, असंही म्हणाल्या. शिक्षेविषयी साक्षीदाराचं मत विचारलेलं नाही, असं जजनी त्यांना बजावलं. मग कॅलोवे उठल्या.

"डॉक्टर, झुंजीच्या कुत्र्याला लोक कसं ठेवतात?"

"असंच."

"आणि आता हे कुत्रे कुठे आहेत?"

"जिवंत नाहीत. कोर्टाच्या हुकमाने मी त्यांना संपवलं. गेल्या मे महिन्यात."

कॉर्डेलने मान वळवली. डॉक्टरांकडे नाही, तिसऱ्या बाकाकडे. मग दोन्ही हात तोंडाकडे न्यायचा प्रयत्न केला, पण साखळीने ते छातीशीच अडले. तो वाकला आणि त्याच्या घशातून जो आवाज निघाला त्याने कोर्टाचा शिपाईसुद्धा पुढे आला.

जजनी ते पाहिलं. निकाल देताना ते म्हणाले की आरोपीला दुःख झालेलं या कोर्टाने पाहिलं आहे. दुःख खरं आहे याबद्दल शंका नाही. प्रत्येक जनावर त्याच्या लेखी वेगळं होतं, हेच त्यावरून दिसतं. म्हणून प्रत्येकाची शिक्षा वेगळी. अर्ज नामंजूर.

बाहेर पायऱ्यांवर लुशस म्हणाला, "म्हणजे रडला नसता तर निर्दयी, आणि रडला तर अकरा वेळा गुन्हेगार." कोणी हसलं नाही. डॉ. हॅटवे गाडीकडे जाताना व्हर्लीनजवळ क्षणभर थांबल्या आणि निघून गेल्या.

फेब्रुवारीत व्हर्लीन तुरुंगात भेटीला गेली. तीन तासांचा रस्ता. भेटीच्या हॉलमध्ये बोल्टने जमिनीला ठोकलेली टेबलं होती. तिने पैसे टाकायच्या यंत्रातून त्याच्यासाठी शेंगदाण्यांची पाकिटं आणि एक कोक घेतला. कॉर्डेल येऊन बसला. त्याने पाकीट फोडलं, पण खाल्लं नाही.

"वकील म्हणतो वरच्या कोर्टात जाता येईल," ती म्हणाली. "डीकन हायरमही बोलायला तयार आहेत. तुझ्या शाळेतले मास्तर अजून आहेत..."

"आणखी कोणाला आणू नकोस."

"अरे, ऐक तरी."

"तू आणलेला प्रत्येक माणूस खरं बोलतो, व्हर्लीन. तूही. मला परवडत नाही ते."

तिने कोक त्याच्याकडे सरकवला.

"मला त्या वकीलबाईने विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, चार माझे. बाकीचे ठाऊक नाहीत. इतकं सोपं होतं. ठाऊक नाही, म्हणायचं."

"मी शपथ घेतली होती."

"हो. घेतली होतीस." तो काही वेळ पाकिटातले दाणे बोटाने इकडेतिकडे करत राहिला. "मे महिन्यात मेले. मे ते जानेवारी तू मला भेटायला किती वेळा आलीस? मी दर वेळी विचारायचो, कुठे नेलं त्यांना. तू म्हणायचीस, काउंटीकडे आहेत."

"कॉर्डेल, तुझी अवस्था बघून माझी हिंमत..."

"मी रात्री त्यांची नावं घ्यायचो. जुबिलीचा पुढचा पाय दुखतो, तिला कोणी तेल लावत असेल का, असले विचार. सहा महिने, आठ महिने. मेलेल्या कुत्रीच्या पायाचे." तो वर बघत नव्हता. "कोर्टाला सगळं सांगितलंस. एकही नाव सोडलं नाहीस. मला एवढं एक सांगायचं होतंस."

"मला वाटलं, तुला आशेवर राहू द्यावं."

"कसल्या आशेवर?"

शेजारच्या टेबलावर एक बाई नवऱ्याला बाळाचा दात दाखवत होती.

कॉर्डेल उठला. ती उठायला लागली तर त्याने हाताने थांबवलं. "तू बस. परत येऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण मी भेटीला बाहेर येणार नाही. तुला तीन तास गाडी हाकावी लागते, म्हणून आधीच सांगतो."

पहारेकऱ्याने त्याला आत नेलं. दार लागलं. नियम असा होता की कैदी लवकर गेला तरी भेटीला आलेल्याने वेळ संपेपर्यंत बसून राहायचं, कारण बाहेरचं फाटक एकदाच उघडतं. व्हर्लीन रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिली. टेबलावर फोडलेलं पाकीट होतं. वेळ संपल्यावर पहारेकरी आला आणि टेबलं पुसताना त्याने ते दाणे हाताने गोळा करून कचऱ्यात टाकले.

"चला, बाई," तो म्हणाला. "रांगेत उभ्या राहा."

ती रांगेत उभी राहिली.