विस्तुलाकाठचा अर्बन

घर रंगवायला काढलं तेव्हा मॉनिकाने बाहेरच्या खोलीतली डॅडीची फ्रेम भिंतीवरून उतरवली आणि फडक्याने पुसली. बोरीवलीच्या एक्सर गावठाणातलं हे घर डॅडीनेच बांधलेलं. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. फ्रेममध्ये त्याचं सर्टिफिकेट होतं. कुर्ल्याच्या एका पंपांच्या कारखान्याने १९७६ साली त्याला सहा महिने पोलंडला मशीन शिकायला पाठवलं होतं, त्याचं. गावाचं नाव ग्रुजोंत्स. घरात कुणालाच ते धड म्हणता येत नसे. डॅडी 'गुरजोन' म्हणायचा आणि मम्मीला ते कुठल्यातरी संताचं नाव वाटायचं.

तिथे काय होतं, असं विचारलं तर "नदी होती, थंडी होती," एवढंच उत्तर मिळायचं. डॅडी, म्हणजे अर्बन, मुळात कमी बोलणारा. ड्यूटी, वाडीतली भाजी, रविवारी चर्चमधली मिसा, झालं. तिथला एक फोटोसुद्धा त्याने कधी दाखवला नव्हता.

मॉनिका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. तिने सर्टिफिकेटचा फोटो काढून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी डबा खाता खाता त्यावरची अक्षरं बघून बघून फोनवर टाकली, तर फेसबुकचं एक पान उघडलं. त्या गावचेच लोक त्यावर जुने फोटो टाकत होते. विस्तुला नदी, आणि काठावर विटांची उंचच उंच धान्यकोठारं, एकाला एक चिकटून किल्ल्याच्या तटासारखी. भाषा कळत नव्हती, पण भाषांतराचं बटण होतं. मग तिला सवयच लागली. रोज दुपारी ती तासभर त्या गावात हिंडून यायची. ट्रामचा रस्ता, बाजाराचा चौक, लाल चर्च, सगळं तिला पाठ झालं.

दीड महिन्याने एका मंगळवारी नवा फोटो आला. नदीकाठी एक सावळा माणूस ॲप्रन बांधून उकिडवा बसलाय, हातात सुरी, पुढ्यात मोठा मासा. मागे तीन बायका हसून वेड्या झाल्यात. आणि तो स्वतःसुद्धा हसतोय, पार डोळे मिटून. खाली लिहिलं होतं: 'आजीच्या अल्बममध्ये सापडला. मागे फक्त "मिस्टर अर्बन" लिहिलंय. कुणी ओळखतं का?'

मॉनिकाचा घास हातातच राहिला. असा हसणारा डॅडी तिने जन्मात पाहिला नव्हता. तिने घाईघाईत लिहून टाकलं, तेही मराठीतच: 'हा माझा डॅडी आहे.'

सकाळी उठून बघते तर त्याखाली मराठीतच उत्तर. नाव नीला, फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. 'मॉनिका, हा फोटो मी काढलाय. बायकोच्या अकाउंटवरून हे पान बघत असतो. मुलुंडला असतो. फोन कर. मधुकर.' आणि खाली नंबर.

रविवारी ती बस पकडून मुलुंडला गेली. दार उघडणारे मधुकर पंचाहत्तरीचे, पांढरेशुभ्र केस, हातात आधीच पाकीट.

"ये गं. तू दोन वर्षांची होतीस तेव्हा. रोज तुझं नाव काढायचा," असं म्हणून त्यांनी पाकीट तिच्या हातात कोंबलं. "हे घे आधी. पन्नास वर्षं हे फोटो माझ्याकडे पडून आहेत. तिकडे आम्ही दोघं एकत्रच गेलो होतो, कॅमेरा माझा होता. परत आल्यावर तिथल्या घरमालकीणबाईंना पोस्टाने कॉपी पाठवली, आणि अर्बन माझ्या शेजारच्या डिपार्टमेंटला, त्याला म्हटलं, देतो रे उद्या. उद्या उद्या करता करता मी नोकरी बदलली. राहूनच गेलं."

"त्याने कधी मागितले नाहीत?"

"तुझा डॅडी कधी काही मागायचा का?"

मॉनिका हसली. ते खरंच होतं.

फोटो बावीस होते. एकेक बघता बघता मधुकर सांगत गेले. पहिल्या रविवारी अर्बन एकटाच चर्चला गेला आणि सगळ्यात मागे उभा राहिला. प्रार्थनेतला शब्द कळत नव्हता, पण गुडघे कधी टेकायचे ते बरोबर कळत होतं. ते बघून एका बाईने सरकून बाकावर जागा दिली. तीच पुढे त्यांची घरमालकीण झाली. तिचा नवरा नदीत गळ टाकायचा, पण मासा साफ करायला कंटाळायचा. अर्बनने त्याच्या हातातून सुरी घेतली आणि दोन मिनिटांत खवले काढून तुकडे मोकळे केले. बायका बघतच राहिल्या. मग मॉनिकाच्या मम्मीने बाटलीत ठासून दिलेला घरचा बाटली मसाला त्याने बाहेर काढला.

"काय कालवण करायचा! नारळ नाही, कोकम नाही, तरी झकास. मी वाडगा पुसून खायचो."

स्वयंपाकघरातून नीलाकाकू चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. "म्हणजे तुम्ही मासे खाल्लेत?"

मधुकर फोटो नीट रचू लागले. "आठवड्यातून दोनदा."

"सेहेचाळीस वर्षं संसार केला, आणि हे आज कळतंय मला!" काकूंनी ट्रे खाली ठेवला आणि त्यांना असं हसू फुटलं, की मॉनिकालाही राहवेना. "आणि माझ्या भरल्या वांग्याला नावं ठेवतात गं हे!"

फोटो टाकणारी बाई म्हणजे त्या घरमालकिणीची नात, हान्का. तिला इंग्लिश येत होतं. मॉनिकाने तिला सगळं लिहून कळवलं. तिचं उत्तर आलं की आजी ती मसाल्याची रिकामी बाटली कितीतरी वर्षं फडताळात ठेवून होती, मधूनमधून उघडून वास घ्यायची.

पुढच्या रविवारी तिघं पुन्हा मुलुंडला जमली. इथे दुपार, तिथे सकाळ. हान्का फोन घेऊन नदीवर गेली होती. पडद्यावर ती कोठारं दिसताच मधुकर खुर्चीत पुढे सरकले.

"तिला सांग, आता डावीकडे वळ. तिथे पायऱ्या आहेत, खाली पाण्यापर्यंत. या फोटोत आहेत बघ."

हान्का वळली. पायऱ्या नव्हत्या, भिंत होती.

"असं कसं? मी रोज उतरायचो!"

"अंकल, कदाचित उजवीकडे असतील," मॉनिका म्हणाली.

"डावीकडेच! मला नको सांगूस."

हान्का हसत उजवीकडे गेली. पायऱ्या तिथे होत्या. मधुकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मग फोटो उलटा छापला असणार," ते म्हणाले.

"तुम्हीच काढलेला ना?" काकूंनी हळूच विचारलं.

हान्का पायऱ्या उतरून पाण्याशी गेली. मॉनिकाने तिला फोन जरा खाली धरायला सांगितला. विस्तुला रुंद होती, संथ, राखाडी. एक बदक काठाकाठाने चाललं होतं. डॅडी बसला होता ती जागा हीच असेल, असं मॉनिकाला वाटलं. पाण्याचा आवाज येत होता, तो ती ऐकत राहिली. शेजारी मधुकर जुना फोटो उलटसुलट धरून अजून पायऱ्यांची बाजू तपासत होते.