लग्नाची भिंत

शेंदूरजनाघाटला नत्थुजी माळ्याच्या घरी सकाळपासून ओसरीची भिंत सारवणं चाललं होतं. मुलगा सूर्यभान याचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. मुंबईला चित्रकला शिकून तो अमरावतीच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला होता. पण लग्नाच्या भिंतीवर गणपती, हत्ती, मोर काढायचे ते सवाष्णीनंच, अशी रीत.

सूर्यभाननं गेरूची वाटी थोरल्या विधवा बहिणीपुढे ठेवली. "बाई, तू काढ. मले रेघ वढाले शिकवलं कोनं?"

सत्यभामा मागे सरली. "येडा झाला काय बापू? पाच वर्सं झाले, या हातची हळद कोनी घेत नाई."

"मी हाओ न. पाह्यतो कोन काय म्हन्ते."

ती बसली. दुपारपर्यंत हत्ती असा उतरला की आई मैनाबाई म्हणाली, "सोंड बाजूले घे वं, माह्या डोक्यावर पडन!" सत्यभामा हसली. घरातले तिचं हसू विसरूनच गेले होते.

तिसऱ्या प्रहरी मुलीकडचे लोक टिळ्याला आले. मुलीचे मामा खुशालराव भिंतीपुढे थबकले. "वा मास्तर! फुकट पगार नाई खात तुमी."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सूर्यभान अभिमानानं बोलला, "मी नाई मामाजी. माह्या थोरल्या बहिनीनं काढलं."

"रांडव बाईच्या हातचा गनपती? त्याच्यापुढून आमची पोरगी घरात येईन? बैल जुपा रे!"

नत्थुजीनं पागोटं त्यांच्या पायांवर ठेवलं. मैनाबाईनं चुन्याची बादली आणून कुंचा मुलाच्या हाती दिला. "बापू, तुह्या धाकट्या दोघी बहिनी उजवाच्या हायेत. पुसून टाक."

सत्यभामा दाराआडून पाहत होती. तिच्या बाजूनं बोलणारा हा एकच होता. सूर्यभाननं कुंचा चुन्यात बुडवला.

"आडवा नको मारू, बापू," ती हळूच म्हणाली, "गेरू वर येईन. उभा मार, दोन हात दे."

लग्न थाटात झालं. पुढे सूर्यभानची चित्रं अकोल्या-नागपूरच्या प्रदर्शनांत लागली. त्यानं काढलेल्या एका विधवेच्या चित्राला पदक मिळालं. पदक देण्याच्या सभेत तो विधवांच्या छळावर तासभर बोलला. सत्यभामेनं पुन्हा रंग भिजवला नाही. ती तापानं गेली, तेव्हा तिच्या हातची एक रेघ घरात नव्हती.

वाचकहो, घरी मंगलकार्य असेल तर मागच्या खोलीत कोण बसलं आहे ते आधी पाहा. तिला बाहेर बोलावल्यानं पाहुणे उठून गेले, तर जाऊ द्या.