एक्केचाळिसावं पाकीट

“पावकाका, हा चष्मा तुम्हीच तपासला होता ना?”

मालकाने चष्मा ट्रेमध्ये ठेवून पुढे सरकवला. मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा, पावकाकांच्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झालेला. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तो हळू बोलला की जास्तच लागायचं.

पावकाकांनी चष्मा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. उजवी काच डावीकडे बसली होती आणि डावी उजवीकडे. एका शिक्षिकाबाईंनी तो चार दिवस घातला, दोनदा जिन्यावर पाय चुकला आणि मग त्यांनी तो निमूटपणे परत आणून दिला.

“होतं असं कधीतरी,” मालक म्हणाला.

“एकतीस वर्षांत झालं नव्हतं,” पावकाका म्हणाले.

पाव नंबरची चूकसुद्धा त्यांच्या हातून सुटत नसे, म्हणून दुकानाने त्यांना हे नाव बहाल केलं होतं. खरं नाव पगारपत्रकात होतं, तिथेच राहिलं. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या आणि शेवटी काचा ठेवायच्या खाकी पाकिटावर ‘तयार’ असा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. शिक्का दुसऱ्या कुणी मारायचा नाही, अशी जुन्या मालकांची शिस्त होती. तो बसल्याशिवाय चष्मा गिऱ्हाइकाच्या हातात पडत नसे, आणि आपला शिक्का कधी खोटा पडला नाही, याचा पावकाकांना गर्व होता. तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

चूक कशी झाली, ते त्यांना घरी जाताना कळलं. डावं-उजवं लिहिलेली चिठ्ठी ट्रेच्या कडेला होती. कड त्यांना दिसलीच नव्हती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका पांढऱ्या घुमटात डोकं घालून बसवलं. आत कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. पावकाका सरसावून बसले. व्हिडिओ गेममध्ये बटण दाबण्यात ते आयुष्यात कुणाला हार गेले नव्हते. ठिपके येईनात तेव्हा त्यांनी ताल धरला आणि अंदाजाने दाबत राहिले. बाहेर आले ते खुशीत.

“काका, तुम्ही नसलेलेही दिवे दाबलेत,” डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या. “मशीन तेही मोजतं. हा खेळ नाही.”

दुसऱ्यांदा त्यांनी खरं खरं दाबलं. काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, आणि बराच पुढे गेलेला. नजर कडेकडून आत आत जात होती. दुकानातला अक्षरांचा तक्ता ते रोज येता-जाता वाचून बघत. तो पाठच असल्यामुळे शेवटची ओळही घडाघडा यायची आणि सगळं ठीक वाटायचं. थेंब लिहून मिळाले. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली किती टिकेल, असं सोबत आलेल्या बायकोने, काकूंनी, विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, “वर्ष म्हणा. जास्त टिकली तर मलाही आनंदच आहे.”

त्या संध्याकाळी पावकाकांनी कपाटाचा खालचा कप्पा उघडला.

आत व्हिडिओ गेमच्या डब्या होत्या. मशीन घेतलं होतं लेकीसाठी. ती दहावीत गेली आणि तिचं मन त्यातून उडालं, यांचं मात्र अडकलं. सेल लागला की एखादी डबी घरी यायची. थोडी खेळून व्हायची, मग दुकानात लग्नसराईची गर्दी, मग लेकीची परीक्षा, मग कुणाचं आजारपण. डबी आत जायची. सवडीने खेळू, असं पावकाका दर वेळी म्हणत, आणि ते त्यांना दर वेळी खरंही वाटे. त्यांनी डब्या मोजल्या. एक्केचाळीस निघाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून एक्केचाळीस कोरी पाकिटं आणली आणि बाद झालेला जुना शिक्काही आणला. त्यातला ‘र’ झिजून गेला होता. प्रत्येक पाकिटावर एकेका खेळाचं नाव घातलं, आणि खेळ शेवटपर्यंत नेला की शिक्का मारायचा, असं स्वतःशी ठरवलं.

“शेवटपर्यंत म्हणजे कुठपर्यंत?” काकूंनी विचारलं. त्या बालवाडीत शिकवत. कुठलीही गोष्ट नीट समजून घेतल्याशिवाय त्या रागावत नसत.

“बनवणाऱ्यांची नावं येतात पडद्यावर, खालून वर. नावं आली की संपला.”

“एवढी नजर उरलीय, आणि ती यात घालवायची?”

“यातच.”

“लेकीकडे चला महिनाभर. तिला बघा, जावयाला बघा. मला बघा, मी काय कायमची समोर बसलेय म्हणून... माणसं बघून घ्या आधी.”

“हे झालं की जाऊ,” पावकाका म्हणाले. आयुष्यभर लोकांची नजर तयार करून दिली, स्वतःसाठी म्हणून मागे टाकलेलं एवढंच होतं, हे त्यांना सांगायचं होतं. पण बायकोपुढे ते पोरकट वाटलं असतं. त्यांनी सांगितलं नाही, आणि तिथेच त्यांचं चुकलं.

मालकाने त्यांना काउंटरवर बसवलं, गिऱ्हाइकांशी बोलायला. घासायच्या यंत्रावर कालपरवा लागलेली मुलगी बसली. पावकाका चारला उठून घरी येत, चहाचा कप मांडीशी ठेवत आणि खेळायला बसत. छोटे खेळ आधी उरकले. दीपगृहाचा दिवा सांभाळायचा खेळ आठ दिवसांत झाला. मालगाड्या वळवायचा झाला. ज्यात नुसतीच भांडी धुवायची असा एक निघाला, तो बघून काकू म्हणाल्या, “हा घरातसुद्धा खेळता येतो.” दोघंही हसले. त्या वर्षातलं ते शेवटचं मोकळं हसणं असावं.

दहा महिन्यांत एकोणतीस पाकिटांवर शिक्के पडले. मजा म्हणाल तर तिसऱ्या-चौथ्यालाच संपली होती. पुढे ते कामच झालं, आणि काम अर्धवट टाकायची त्यांना सवय नव्हती.

दहावा महिना संपता संपता लेकच आली. बाबा येत नाहीत म्हटल्यावर काय करणार? दारात उभी राहिली, तेव्हा पावकाकांना तिचं नाक दिसलं, हनुवटी दिसली. बाकी सगळं दूध सांडल्यासारखं पांढरं होतं. त्यांनी मान इकडेतिकडे फिरवून तिचा चेहरा गोळा करायचा प्रयत्न केला.

“केस बांधलेस का गं?”

“कापले, बाबा. चार महिने झाले.”

ती चार दिवस राहिली. हसून बोलली, डबे घासून ठेवले, आईबरोबर भाजी निवडली. ती गेल्यावर पावकाका बाथरूममध्ये जाऊन रडले, नळ सोडून. दहा महिन्यांपूर्वी गेलो असतो तर ती पूर्ण दिसली असती. एकोणतीस खेळांचे शेवट पाहिले आणि लेकीचा चेहरा राहून गेला, हा हिशेब त्यांना झोपेतही सुटेना.

मग त्यांनी अकरा पाकिटांवर तांबडी रेघ मारली. दुकानात रद्द झालेल्या कामावर मारतात तशी. एक ठेवलं.

त्या खेळात एक टपालवाली असते. डोंगरापलीकडच्या शेवटच्या घरी तिला एक पत्र पोचवायचं असतं, आणि पत्रात काय आहे ते तिथे गेल्यावरच कळतं. अकरा वर्षांपूर्वी पावकाका झुलत्या पुलापर्यंत पोचून थांबले होते. खेळ सुरू केला की पहिल्या पानावर घंटेचे तीन ठोके, मग थोडी शांतता, मग पुन्हा तीन ठोके, अशी एक धून लागे. काकूंनाही ती पाठ होती.

पुलावर वारा येतो. तो कुठून येणार, हे पडद्याच्या कडेला वाकणाऱ्या गवतावरून कळतं. पावकाकांना कड नव्हती. ते पडत, पुन्हा पुलाच्या तोंडाशी येत, पुन्हा पडत. काकू शेजारी स्टूल ओढून बसू लागल्या.

“डावीकडून आला.”

“उशिरा सांगतेस.”

“दिसला तसा सांगितला.”

पंधरा दिवस असे गेले. मग मधलीही नजर विरली, आणि एका रविवारी दुपारी पावकाकांनी हातातला कंट्रोलर काकूंच्या मांडीवर ठेवला.

“तू खेळ. मी सांगतो.”

काकूंचे अंगठे बालवाडीत चिकणमाती मळणारे. त्यांना पळायचं आणि थांबायचं बटण एका वेळी सापडेना. पावकाका सांगत होते, “गवत वाकलं की त्याच्या उलट अंगाला दाब. घाबरू नकोस, ती काही मरत नाही.” टपालवाली पडत होती. काकू दर वेळी “गेली” म्हणत, आणि पावकाका “परत” म्हणत. एकोणीस वेळा गेली. काकूंच्या कपाळाला घाम आला. त्यांनी शेजारी पाहिलं. नवरा पडद्याकडे तोंड करून बसला होता, पण पडदा त्याच्या नजरेच्या रेषेत नव्हता. तो टीव्हीच्या जरा डावीकडे, भिंतीकडे पाहत होता.

काकू पुन्हा पुलावर गेल्या नाहीत. त्यांनी खेळ बंद करून पहिलं पान आणलं. तिथे चार ओळी होत्या: नवा खेळ, पुढे चालू, आवाज आणि खेळ बनवणाऱ्यांची नावं. त्यांनी चौथी ओळ दाबली.

“अहो, पोचली,” त्या म्हणाल्या. “घर आलं. दार उघडलं.”

“पत्र?”

“उघडतायत. लिहिलंय, इकडे सगळे बरे आहेत. तू घाई करू नकोस, सावकाश ये. आम्ही वाट बघतो.”

“एवढंच?”

“एवढंच. आता नावं येतायत बघा, खालून वर.”

खोलीत घंटेचे तीन ठोके वाजले. शांतता. पुन्हा तीन ठोके.

ही धून पहिल्या पानाची होती. अकरा वर्षांपासून पावकाकांना ती पाठ होती. पुलावर नुसता वारा वाजतो आणि शेवट तर त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, पण तो हा नव्हता. पलीकडे कुणी पोचलं नव्हतं, आणि आता पोचणार नव्हतं.

“वाच,” ते म्हणाले.

काकूंनी नावं वाचली, बालवाडीत हजेरी घेतात तशी, एकेक सुटं. अडलं तिथे जोडाक्षर फोडून वाचलं. चित्रं काढणारे, आवाज देणारे, खेळून बघणारे. सगळी वाचून होईपर्यंत चहा निवला.

“पाकीट दे.”

काकूंनी पाकीट त्यांच्यासमोर मेजावर ठेवलं. शाईची डबी उघडून शिक्का हातात दिला. पावकाकांनी डाव्या हाताने पाकिटाचे चारही कोपरे चाचपले. तो हात थोडा वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी शिक्का उचलला आणि दाबला.

तो निम्मा पाकिटावर पडला आणि निम्मा मेजावर.

“बसला का नीट?”

“अगदी मधोमध,” काकू म्हणाल्या, आणि पदराने मेज पुसू लागल्या.